निर्मात्याहून विक्रेता स्वस्त कसा?

१/ पुनर्विक्रेत्याने कंपनीपेक्षा स्वस्त दिलेले प्रत्येक सॉफ्टवेअर चोरीचे नसते. या वादाचे मूळ एका कादंबरीत आहे. 'द कास्टअवे'वर अमेरिकी प्रकाशकाने छापले होते की, एक डॉलरहून कमी दराने विकणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरेल. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानाची बाजू उचलून धरली.

२/ २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ओरॅकलचे कायमस्वरूपी परवानेही पुन्हा विकता येतात असे ठरवले. मात्र घाऊक गठ्ठा फोडण्यास मनाई केली. खरी मेख इथेच आहे.

३/ कराड-मलकापूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना 'केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी' हा शिक्का परिचित असेल. पुस्तक तेच, किंमत देशागणिक वेगळी. थायलंडमधील अशा स्वस्त आवृत्त्या अमेरिकेत विकणारा विद्यार्थी २०१३ मध्ये प्रकाशकाविरुद्ध जिंकला.