गोल बाजार आणि साहेबाचे शब्द

रायपूरच्या गोल बाजारात हळद-कुंकू आणावयास गेलेला मराठी माणूस एकाच फेरीत तीन भाषा बोलतो. दुकानदाराशी हिंदी, भाजीवालीशी मोडकीतोडकी छत्तीसगढी, आणि भाव पटला की नाही हे दुकानदारास कळू नये म्हणून घरच्या मंडळींशी मराठी. चौथी भाषा, इंग्रजी, आमच्या वाडवडिलांनी शिकली ती बाजारासाठी नव्हे, कचेरीसाठी. ती त्यांनी कशी शिकली आणि तिचे पुढे काय केले, हे या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने थोडेसे आठवावे असे वाटते.

1854 साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि त्याबरोबर छत्तीसगढही इंग्रजी अमलाखाली गेले. मोडी वळणात हात बसलेल्या घराण्यांना नव्या धन्याची भाषा शिकणे प्राप्त झाले. साधने मोजकीच होती. मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली निघाला होता; पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली आणि कित्येक पिढ्यांची इंग्रजी तिच्यावरच पोसली गेली. शब्द पाठ झाले की ओढ लागे ती शैलीची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी वडिलांच्या हातून अपुरे राहिलेले जॉन्सनच्या 'रासेलस'चे भाषांतर पुरे केले, आणि 1874 साली 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा जॉन्सन-मेकॉलेची तोलदार, विरोधाने खुलणारी वाक्यरचना मराठीच्या अंगी बाणवली. उसनवारी खरी, पण तिने घर भरले.

आपल्या गावाचा दाखला याहून मोलाचा आहे. माधवराव सप्रे 1871 साली दमोह जिल्ह्यात एका मराठी घरात जन्मले. रायपूरच्या सरकारी शाळेत शिकले आणि कलकत्ता विद्यापीठाचे बी.ए. झाले. पेंड्र्याच्या राजकुमाराला इंग्रजी शिकवण्याची नोकरी त्यांनी पत्करली, आणि तेथूनच जानेवारी 1900 मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. सोबतीला वामनराव लाखे व रामराव चिंचोलकर, म्हणजे तिघेही मराठी! पुढे काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचा कोश हाती घेतला, तेव्हा अर्थशास्त्राचे शब्द जुळविण्याचे काम सप्र्यांकडे आले. मराठी आईचा मुलगा इंग्रजी संज्ञांना हिंदी प्रतिशब्द शोधीत बसला आहे, हे चित्र आम्हास फार हृद्य वाटते. 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनीच हिंदीत नेले. 1926 साली रायपूर येथेच ते निवर्तले.

अर्थशास्त्राचे शब्द! ज्याला साहेब 'कॅपिटल' म्हणतो त्यास मराठीत भांडवल, हिंदीत पूंजी. 'क्रेडिट'ला आमच्याकडे पत, इकडे साख. 'होलसेल'ला घाऊक आणि थोक. सप्र्यांनी कोणता शब्द कोठून उचलला याचा हिशेब येथे मांडावयाचा नाही, परंतु हे सारे शब्द गोल बाजारातल्या गादीवर आजही रोकडे चालतात. अलंकारांचेही तेच. इंग्रजी व्याकरणात नकाराला नकार जोडून सौम्य होकार देण्याची एक लकब शिकवितात, आणि सरकारी टिपणीत आम्ही ती तीस वर्षे वापरली: 'विनंती अगदीच अयोग्य आहे असे म्हणता येत नाही'. गोल बाजारातला कापडवाला हेच शिक्षणावाचून साधतो. एवढेच नव्हे, स्वस्त वाण मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या श्रीमंतीचे तो असे कौतुक करतो की ते ओशाळून महाग लुगडे घेते. आपल्या शास्त्रात यास व्याजस्तुती म्हणतात; तेथील 'व्याज' म्हणजे मिष, पण बाजारातले व्याजही त्यात वसूल होतेच.

आमची कन्या सध्या एका परीक्षेसाठी अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करीत असते. 'फ्रूगल' तिला येतो, 'पार्सिमोनियस' येतो, दोहोंतला भेदही ती इंग्रजीत सांगते. परवा तिच्या आजीने, 'अगो, काटकसर वेगळी आणि चिक्कूपणा वेगळा', असे म्हटले तेव्हा तिने विचारले, "आजी, काटकसर म्हणजे?" आम्हास उत्तर सुचेना. आजीने मात्र पिशवी उचलली आणि नातीला घेऊन ती गोल बाजाराच्या वाटेला लागली.