उपवासकाळातले दोन सॉसेज

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून अनेक ख्रिस्ती भाविक उपवासकाळात प्रवेश करतात. येशूने अरण्यात ४० दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. रविवार मोजत नाहीत, म्हणून ईस्टरपर्यंतचे दिवस प्रत्यक्षात ४६ भरतात. गंमत अशी, की मध्ययुगीन युरोपात या न मोजलेल्या रविवारीही मांस वर्ज्यच असे.

९ मार्च १५२२. उपवासकाळाचा पहिला रविवार. स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी जमलेल्यांनी दोन सॉसेजचे तुकडे वाटून खाल्ले. धर्मगुरू झ्विंग्ली तिथे हजर होता. त्याने स्वतः मात्र खाल्ले नाही. प्रकरण नगरपरिषदेपुढे गेले, फ्रोशाउअरला अटक झाली. त्याचा बचाव साधा होता: फ्रँकफर्टच्या जत्रेसाठी छापखान्यात रात्रंदिवस काम चालले आहे, नुसत्या लापशीवर माणसे राबणार कशी? आणि मासे नेहमी परवडत नाहीत. मला तर हा बचाव धर्मशास्त्राइतकाच वजनदार वाटतो.

२३ मार्चला झ्विंग्लीने प्रवचन दिले. ज्याला उपवास करायचा त्याने जरूर करावा, पण सक्ती नको, असा त्याचा आशय. ईस्टरच्या चार दिवस आधी ते पुस्तकरूपाने निघाले. छापले फ्रोशाउअरनेच.