केजीडीबी

केजीडीबी हा लिनक्स कर्नलचा स्रोतपातळीवरील डीबगर, म्हणजेच दोष शोधण्याचे साधन आहे. चालू असलेला कर्नल हव्या त्या ओळीवर थांबवून त्यातील चलांची मूल्ये, स्मृतीतील मजकूर आणि फंक्शनांचा क्रम या साधनाच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकावरून तपासता येतो. अनेक वर्षे कर्नलबाहेरचा पॅच म्हणून वापरात असलेला केजीडीबी जुलै २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२६ या आवृत्तीपासून अधिकृत कर्नलचा भाग आहे. त्याच्या समावेशापूर्वीच्या विकासात अमित एस. काळे आणि पुण्यातील लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीचा महत्त्वाचा वाटा होता.

कार्यपद्धती

कर्नल हा संचालन प्रणालीचा गाभा असतो. सामान्य प्रोग्रामातील दोष शोधताना डीबगर त्याच संगणकावर कर्नलच्या आधाराने चालतो. मात्र कर्नलच थांबविला तर त्या संगणकावर डीबगर चालविण्यास आधार उरत नाही. म्हणून केजीडीबीसाठी सामान्यतः दोन संगणक वापरले जातात. ज्याचा कर्नल तपासायचा तो लक्ष्य संगणक आणि ज्यावर जीडीबी हा डीबगर चालतो तो विकासकाचा संगणक होय. दोघांमधील संदेशवहन बहुधा सिरियल पोर्टद्वारे होते. लक्ष्य संगणकाच्या कर्नलमधील एक छोटा भाग जीडीबीकडून आलेल्या आज्ञा स्वीकारतो व त्यांना उत्तरे देतो. या भागास स्टब म्हणतात. नियंत्रण डीबगरकडे गेल्यावर लक्ष्य संगणकातील इतर प्रोसेसरही थांबविले जातात. विकासकाच्या संगणकावर त्याच कर्नलची डीबग माहितीसह तयार केलेली प्रत असावी लागते. तिच्यावरून जीडीबी यंत्रसंकेतांचा मूळ सी भाषेतील ओळींशी मेळ घालतो.

कर्नलबाहेरील पॅच

मूळ संहितेतील कोणत्या ओळी वगळायच्या व कोणत्या नव्याने घालायच्या हे सांगणाऱ्या मजकुरास पॅच म्हणतात. केजीडीबीच्या मूळ स्टबचे श्रेय डेव्हिड ग्रोथ व टिग्रन ऐवाझियन यांना दिले जाते. पुढे अमित काळे यांनी २.४ व २.६ या मालिकांतील कर्नलसाठी हा पॅच विकसित केला व त्याची देखभाल केली. जॉर्ज ॲन्झिंगर, पावेल माचेक, टॉम रिनी आदींनीही त्यात भर घातली. अँड्रू मॉर्टन यांच्या 'एमएम' या प्रायोगिक पॅचसंचात केजीडीबी काही काळ समाविष्ट होता.

कर्नलबाहेर राहिलेल्या पॅचची देखभाल खर्चिक असते. कर्नलमधील अंतर्गत फंक्शने व रचना आवृत्तीगणिक बदलतात आणि त्या तशाच राखण्याची हमी दिली जात नाही. कर्नलमध्ये समाविष्ट असलेली संहिता असा बदल करणारा विकासकच सोबत दुरुस्त करतो. बाहेरचा पॅच मात्र त्याच्या लेखकांनाच प्रत्येक आवृत्तीसाठी नव्याने जुळवून घ्यावा लागतो. केजीडीबी अपवाद हाताळणी, सिरियल पोर्ट व प्रोसेसरविशिष्ट भाग अशा अनेक ठिकाणी स्पर्श करीत असल्याने हे काम विशेष किचकट होते.

विरोधाची कारणे

केजीडीबी दीर्घकाळ बाहेर राहण्यामागे केवळ तांत्रिक अडचणी नव्हत्या. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००० साली कर्नलमध्ये डीबगर समाविष्ट करण्यास जाहीर विरोध केला होता. डीबगर हाताशी असला की विकासक दोषाचे मूळ समजून न घेता दिसणारे लक्षण तेवढे दुरुस्त करतात, असे त्यांचे मत होते. याउलट, नव्या हार्डवेअरसाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना आणि कर्नलचा अभ्यास करणाऱ्यांना असे साधन आवश्यक वाटत होते.

पॅच स्वीकारण्याची पद्धत

लिनक्स कर्नलमध्ये बदल सुचविण्यास कोणत्याही पदाची वा संस्थेची अट नाही. पॅच साध्या मजकुराच्या ई-मेलने संबंधित विभागाच्या देखभालकर्त्याकडे पाठविला जातो. एका पॅचमध्ये एकच तर्कसंगत बदल असावा, तो का आवश्यक आहे हे वर्णनात सांगितलेले असावे आणि मालिकेतील प्रत्येक पॅचनंतर कर्नल बांधता व चालविता यावा, अशी अपेक्षा असते. यामुळे पुढे दोष आढळल्यास तो नेमक्या कोणत्या बदलाने आला हे शोधता येते. परीक्षकांच्या सूचनांनुसार पॅच सुधारून पुन्हा पाठविला जातो. अशा अनेक फेऱ्या होणे सामान्य आहे.

संहितेच्या मालकीवरून २००३ मध्ये एससीओ कंपनीने सुरू केलेल्या न्यायालयीन वादानंतर, २००४ पासून प्रत्येक पॅचखाली लेखकाची स्वाक्षरी-ओळ आवश्यक झाली. ही संहिता देण्याचा आपणास अधिकार आहे, असे तिच्याद्वारे लेखक प्रमाणित करतो. स्वीकारलेले पॅच देखभालकर्त्यांच्या संग्रहांतून टोरवाल्ड्स यांच्याकडे जातात. नवी आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर सुमारे दोन आठवडे नवे बदल घेतले जातात. त्यानंतर पुढील आवृत्तीपर्यंत मुख्यतः दुरुस्त्याच स्वीकारल्या जातात.

अधिकृत समावेश

पुढील काळात विंड रिव्हर कंपनीतील जेसन वेसेल यांनी केजीडीबीची देखभाल केली. २००८ च्या आरंभी एक्स८६ विभागाच्या इतर बदलांसोबत तो पुढे आला, तेव्हा असा मिश्र संच घेण्यास टोरवाल्ड्स यांनी नकार दिला. त्यानंतर इंगो मोल्नार यांनी वादग्रस्त व अनावश्यक भाग वगळून 'केजीडीबी लाइट' या नावाने स्वतंत्र, आटोपशीर संच तयार केला. तो २.६.२६ च्या विकासकाळात, एप्रिल २००८ मध्ये स्वीकारला गेला. पुढे एआरएम, मिप्स व पॉवरपीसी या प्रोसेसर कुळांसाठीही केजीडीबी उपलब्ध झाला. २०१० मधील २.६.३५ या आवृत्तीत केडीबी हा दुसरा डीबगर त्याच पायावर जोडण्यात आला. केडीबी त्याच संगणकाच्या कळफलकावरून वापरता येतो. मात्र तो स्रोतपातळीवरील नाही.

श्रेयनोंदी

कर्नलचा गिट प्रणालीतील इतिहास एप्रिल २००५ पासून सुरू होतो आणि त्यात केवळ अधिकृतपणे स्वीकारलेले बदल दिसतात. त्यामुळे केजीडीबीच्या गाभ्याची पहिली नोंद तेथे २००८ मधील असून ती जेसन वेसेल यांच्या नावे आहे. त्याआधीचे काम या इतिहासात दिसत नाही, ते 'डीबग_कोअर.सी' या संचिकेच्या शिरोभागातील स्वामित्वनोंदींवरून कळते. त्यांत व्हेरिटास सॉफ्टवेअर (२०००-२००१), टाइमसिस (२००२-२००४), अमित एस. काळे (२००३-२००४), टॉम रिनी व लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज (२००४-२००६) आणि विंड रिव्हर (२००५-२००९) यांचा समावेश आहे. पॅच ज्याच्या हातून स्वीकारला गेला त्याच्याखेरीज तो त्यापूर्वी वर्षानुवर्षे टिकवून ठेवणाऱ्यांचीही नावे या नोंदींत आढळतात.