डोळ्याच्या आत पडलेला उजेड

डोळ्याची बाहुली काळी का दिसते? आत अंधार असतो म्हणून, असे उत्तर विद्यार्थी हमखास देतात. १८५० साली क्योनिग्जबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे हेर्मान हेल्महोल्ट्झ डोळ्यातून परत येणाऱ्या प्रकाशावरील पाठाची तयारी करत होते. डोळ्यात शिरलेला प्रकाश दृष्टिपटलावरून परावर्तित होतो आणि आल्या वाटेनेच परत जातो. तो पाहण्यासाठी त्या वाटेवर डोळा ठेवावा, तर आपलेच डोके दिव्याच्या आड येते! हेल्महोल्ट्झ यांनी यावर साधा उपाय शोधला. दिवा बाजूला ठेवून त्यांनी मध्ये तिरकी काच धरली. काचेवरून थोडा प्रकाश रुग्णाच्या डोळ्यात जाई आणि परतणाऱ्या प्रकाशाचा काही भाग काचेतून आरपार येई. जोडीला अंतर्गोल भिंग घेताच जिवंत माणसाचे दृष्टिपटल रक्तवाहिन्यांसह स्पष्ट दिसले. १८५१ मध्ये त्यांनी या ऑफ्थॅल्मोस्कोपचे वर्णन प्रसिद्ध केले.

तोवर रुग्णाला बाहेरचे दिसत नसे आणि डॉक्टरला आतले. आता दृष्टिपटलावरचे पांढरे डाग, रक्तस्राव, काळे ठिपके दिसू लागले. डॉक्टरांनी त्यांतल्या अनेकांना ‘रेटिनायटिस’, म्हणजे दृष्टिपटलाचा दाह, असे नाव दिले. मधुमेहातला रेटिनायटिस, मूत्रपिंडाच्या विकारातला रेटिनायटिस. १८५७ मध्ये डच डॉक्टर डोंडर्स यांनी ‘रेटिनायटिस पिग्मेंटोजा’ हे नाव वापरले.

मात्र दिसणे वेगळे आणि कळणे वेगळे. मधुमेह व उच्च रक्तदाबात मूळ इजा रक्तवाहिन्यांना होते, म्हणून त्या विकारांना आज ‘रेटिनोपॅथी’ म्हणतात. पिग्मेंटोजामध्ये प्रकाशसंवेदी पेशी आनुवंशिक दोषामुळे हळूहळू मरतात. १९९० मध्ये ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाच्या जनुकातील असा एक दोष सापडला. जुने नाव मात्र टिकून आहे. खरा दाहही असतोच: टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे किंवा एड्सच्या रुग्णांत सायटोमेगॅलो विषाणूमुळे होणारा.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. संसर्ग औषधाने आटोक्यात आणता येतो, मधुमेहात साखर ताब्यात ठेवावी लागते. रातांधळेपणा अ-जीवनसत्त्वाच्या अभावाने आला असेल तर तो बरा होऊ शकतो. पिग्मेंटोजाची सुरुवातही बहुधा रातांधळेपणानेच होते. म्हणून तिन्हीसांजेला अडखळणाऱ्या मुलाला वेंधळे म्हणण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. त्याच्या डोळ्याच्या आत डोकावण्याची सोय एका शिक्षकानेच करून ठेवली आहे.