समिती कशी जिवंत राहते? किल्लारीनंतरची एक गोष्ट

२४ एप्रिल १९९३ रोजी ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली. ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली आणि पंचायतींमध्ये बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. त्यानंतर पाचच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर हा सगळा परिसर हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून दमलेली गावं झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचं जड माळवद अंगावर कोसळलं. जवळपास दहा हजार माणसं गेली.

माझं गाव लातूर जिल्ह्यात आणि काम नांदेडला. आमच्याकडे भूकंपाच्या गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात: कोण वाचलं, कोण गेलं, मदत घेऊन कोण कुठून आलं. त्यानंतर गावोगावी ज्या समित्या बनल्या, त्यांची गोष्ट मात्र कुणी फारशी सांगत नाही. मला ती आज जास्त कामाची वाटते.

जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची होती. त्याशिवाय शेकडो गावांतली तडे गेलेली घरं दुरुस्त करायची होती. हे सगळं मुंबईत किंवा कलेक्टर कचेरीत बसून ठरवणं अशक्य होतं. म्हणून गावपातळीवर सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या गेल्या. त्यात बायकांना आणि मागास समाजातल्या लोकांना घ्यायचं होतं. नव्याने वसणाऱ्या गावांत लोकसहभागाचं काम मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे होतं.

या समित्यांपुढे काय यायचं? लाभार्थ्यांची यादी. नवं गाव कुठे वसवायचं हा प्रश्न. रस्ते, शाळा, समाजमंदिर, पाणी यांचा आराखडा. शेवटी हा सगळा आराखडा ग्रामसभेत मांडून मंजूर करून घ्यायचा, अशी पद्धत होती. यादी चारचौघांत वाचली गेली की खोटं नाव घुसवणं अवघड होतं, कारण कोणाचं घर कुठे होतं हे गावाला पाठ असतं.

पण समितीच्या हातात नसलेल्याही गोष्टी होत्या. घर केवढं मिळणार हे सरकारने जमिनीवरून आधीच ठरवलं होतं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्त जमीन असलेल्यांना ७५०. म्हणजे भूकंपाने सगळ्यांना एका रांगेत आणलं आणि पुनर्वसनाने पुन्हा जुन्या रांगा लावल्या. बऱ्याच नव्या गावांत सरळसोट रस्ते आणि चौकोनी प्लॉट आले. जुन्या गल्ल्या, वाड्यांचे चौक, ओट्यावरचा शेजार गेला. लोकांना विचारलं होतं हे खरं, पण काही उत्तरं प्रश्नाआधीच लिहिलेली होती.

दुरुस्तीच्या कामात वेगळंच घडलं. तिथे घर मालकानेच बांधायचं होतं आणि मदत टप्प्याटप्प्याने मिळायची होती. सुमारे दोन लाख घरं, थोडे इंजिनिअर आणि नियम समजावून सांगायला माणूस नाही. इथे प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेला लोकसहभागाचं काम मिळालं. त्यांनी गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ निवडल्या. हजाराहून जास्त गावांत या बायका काम करू लागल्या.

त्यांचं काम अगदी ठोस होतं. कोणाला किती मदत मिळणार, पुढचा हप्ता कधी, हे सांगायचं. भिंतीत आरपार जाणारे दगड घातलेत का, वरून सिमेंट-काँक्रीटचा पट्टा ओतलाय का, हे पाहायचं. गवंड्याला विचारायचं आणि अडलं तर इंजिनिअरला गाठायचं. पदर सावरत मागे बसणारी बाई साहेबाला प्रश्न विचारू लागली, कारण तिच्याकडे विचारायला प्रश्न होता आणि उत्तराची वाट बघणारी गल्ली मागे उभी होती.

भूकंपाचं काम संपल्यावरही या बायका घरी बसल्या नाहीत. बचत गट झाले, पाणी-आरोग्याच्या कामात त्या उतरल्या. २००१ मध्ये कच्छ हादरलं तेव्हा इथल्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

आता शहरांकडे या. त्याच १९९३ मध्ये, १ जूनला, शहरांसाठीची ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली. तीन लाखांहून जास्त लोकवस्तीच्या शहरात प्रभाग समित्या हव्यात, असं ती सांगते. नांदेड आणि लातूर दोन्ही त्यात बसतात. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात प्रभाग समितीवर नगरसेवकांखेरीज सामाजिक संस्थांच्या जास्तीत जास्त तीन माणसांना घेण्याची सोय आहे. पुढे जेएनएनयूआरएम योजना आली. नांदेड त्या योजनेत होतं. लोकसहभागाचा कायदा करणं ही योजनेची अट होती, म्हणून २००९ मध्ये मतदारांच्या ‘क्षेत्रसभे’ची तरतूदही आली.

कागदावर हे किल्लारीच्या समितीपेक्षा भक्कम दिसतं. पण त्या तीन माणसांना नेमणार कोण? नगरसेवकच. २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. नगरसेवक नाहीत तर प्रभाग समिती नाही, आणि समिती नाही तर त्या तीन खुर्च्याही नाहीत. ज्या काळात नागरिकांच्या सल्ल्याची सगळ्यात जास्त गरज होती, नेमक्या त्याच काळात सल्ला द्यायची जागाच बंद झाली.

संवाद सहायक टिकल्या, कारण त्यांच्याकडे यादी होती, भिंत होती, हप्ता होता. नुसतं ‘सल्लागार’ असं पद त्यांना कुणी दिलं नव्हतं. शहरातल्या समितीला असंच काहीतरी हातात द्यायला हवं: नळाला पाणी किती दिवसांनी येतं याची नोंदवही, रस्त्याचं बिल निघण्याआधीची पाहणी, घरकुलाच्या यादीचं जाहीर वाचन.

सुरुवात तुम्हालाही करता येईल. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. आपल्या महापालिकेला दोनच गोष्टी विचारा: आमच्या प्रभाग समितीवर संस्थांची तीन माणसं कोण आहेत आणि गेल्या वर्षी तिच्या किती बैठका झाल्या? उत्तर आलं की मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाका आणि पुढच्या बैठकीची तारीख विचारायला दोघं-तिघं मिळून जा.