तंबूत शेगडी नकोच! थंडीत उघड्यावर मुक्काम करताना काय सांभाळाल?

डिसेंबर लागला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, पाचनई, बारी या पट्ट्यात शनिवार-रविवारी तंबू दिसायला लागतात. मुंबई, पुणे, नाशिककडची मंडळी येतात. आता आपल्याकडची पोरंही गाड्या काढून कळसूबाई नाहीतर हरिश्चंद्रगडाला मुक्कामी जातात. तंबू, जेवण, वाटाड्या यातून गावातल्या घरांना दोन पैसे मिळतात, ते चांगलंच आहे. पण मे-जूनमध्ये काजवे बघायला केलेला मुक्काम वेगळा आणि जानेवारीतला वेगळा. थंडीत चूक झाली तर ती सर्दी-पडशावर निभावेलच असं नाही.

सगळ्यात आधी जिवाची गोष्ट. रात्री शेकोटी विझत आली की कुणाला तरी सुचतं, घमेल्यात निखारे भरून तंबूत ठेवू, रात्रभर ऊब राहील. धूर तर निघत नाही, मग काय होतंय? नेमकं इथंच माणूस फसतो. धूर नसलेल्या लाल निखाऱ्यातूनही कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. आपल्या रक्तातला जो घटक ऑक्सिजन वाहून नेतो, त्याला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोरानं चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर तेवढंही कळत नाही. उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली अख्खी कुटुंबं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तंबू तर खोलीपेक्षाही लहान.

थोडी चेन उघडी ठेवली म्हणजे भागलं, असं अनेकजण समजतात. तसं नाही. तंबूत निखारे नकोत, गॅसची छोटी शेगडी नको, कंदीलही नको. वरून तंबूचं कापड नायलॉन किंवा पॉलिस्टरचं. ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटतं. जनरेटर तंबूंपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावा. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत हीटर लावून झोपणंही तितकंच धोक्याचं.

एखाद्या तंबूतली दोघं-तिघं एकदम डोकं दुखतंय म्हणाली किंवा हाका मारून उठत नसली, तर सगळ्यांना लगेच उघड्यावर आणावं आणि १०८ ला फोन करावा. कोरोनापासून घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र आलंय. त्यावर इथं भरवसा ठेवू नये. साध्या यंत्राला हा वायू चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनचं रक्त यातला फरक ओळखता येत नाही, त्यामुळे माणूस अत्यवस्थ असतानाही आकडा चांगला दिसू शकतो.

मग ऊब आणायची कुठून? तर खालून.

लोक अंगावर घ्यायला दोन-दोन ब्लँकेटं आणतात आणि अंगाखाली एक चादर टाकतात. जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढून घेते. स्लीपिंग बॅग कितीही जाड असली तरी अंगाखालचा भाग वजनानं दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब धरून ठेवते ती हीच हवा. म्हणून आधी फोमची मॅट, थंडी जास्त असेल तर दोन. आपल्या भागात याला बिनखर्चाची जोड आहे. भाताचा कोरडा पेंढा वीतभर जाड पसरायचा, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर तंबू. पेंढ्याच्या पोकळ काड्यांत हवा अडकून राहते. फक्त पेंढा टाकला की शेकोटी तिथून चांगली लांब हवी, हे वेगळं सांगायला नको. नुसतं पोतं टाकलं तरी उघड्या जमिनीपेक्षा बरं.

घोंगडीला लोक आता नाकं मुरडतात, पण उघड्यावर तिच्यासारखी सोबत नाही. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब देते. गोधडी सुती, कोरडी आहे तोवर छान, दवानं भिजली की जड आणि गार. गोधडी तंबूच्या आत वापरावी, बाहेर शेकोटीजवळ बसायला घोंगडी.

तंबू लावायचा कुठं?

रात्री गव्हाला पाणी देणाऱ्याला हे शिकवायची गरज नाही. बांधावरून खोलगट वाफ्यात उतरलं की पाय गारठतात. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराला लागते आणि खोलगट जागी साचते. थंडीत बागेत शेकोट्या पेटवणारा निफाडचा द्राक्षबागायतदारही सखल प्लॉटची काळजी आधी करतो. म्हणून धरणाच्या अगदी काठावरचा तंबू फोटोत कितीही झकास दिसला तरी पहाटे सगळ्यात गार आणि सगळ्यात ओला तोच असतो. काठापासून थोडं वर सपाट जागा बघावी. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आभाळाकडे सोडते, त्यामुळे उघड्या माळावर दव जास्त पडतं. झाडाच्या आडोशाला कमी. मात्र वर वाळलेली फांदी लटकत नाही ना, हे उजेड असतानाच बघून घ्यावं.

उंचावरचं गणित वेगळं. साधारण १,००० मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. तिथं थंडीपेक्षा वारा जास्त छळतो. खालच्या दरीत वारा नसेल तर एखाद्या पहाटे गाव शिखरापेक्षा गार असू शकतं, पण वाऱ्यात अंगातली ऊब टिकत नाही. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या तोंडाशी तंबू लावायचा हट्ट अनेकजण धरतात. वारा तर आहेच, पण रात्री लघवीला उठलेला माणूस अर्धवट झोपेत असतो, हेही ध्यानात घ्यावं. कड्यापासून भरपूर मागं यावं. कातळावर खुंट्या ठोकल्या जात नाहीत, तिथं दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्यात.

बॅगवरचा आकडा नीट वाचा

स्लीपिंग बॅग घेताना पिशवीवर तापमानाचे दोन-तीन आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे माणूस बऱ्यापैकी आरामात झोपेल तो आकडा. लिमिट म्हणजे अंग आखडून कशीबशी रात्र निघेल तो. एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचेल, झोपेचं नाव नको. दुकानदार बऱ्याचदा सगळ्यात कमी दिसणारा आकडा पुढं करतो. घेणाऱ्यानं कम्फर्टच बघावा. पाहुण्यांना तंबू भाड्यानं देणाऱ्यांनी तर नक्कीच. रात्रभर कुडकुडलेला पाहुणा पुन्हा येत नाही आणि घरी जाऊन चार जणांना सांगतो ते वेगळंच.

कपड्यांचं म्हणाल तर घामाची ओल सगळ्यात वाईट. गड चढताना बनियन भिजतो, वर पोचलं की गप्पा सुरू होतात आणि तोच बनियन अंगावर वाळतो. वर पोचताच आधी आतले कपडे बदलावेत, मग चहा. झोपायचे कोरडे कपडे आणि मोजे वेगळ्या प्लास्टिक पिशवीत बांधून ठेवावेत. कान-डोकं झाकायला माकडटोपी आहेच. पोटभर जेवून झोपावं. पिठलं-भाकरी, वर शेंगदाणे-गूळ असलं की अंगात ऊब धरते. गरम पाण्याची बाटली, झाकण घट्ट लावून मोज्यात घालून पायाशी ठेवली तर मोठा आधार होतो. मोबाईलची बॅटरी थंडीत लवकर उतरते. तो आणि बॅटरी अंथरुणात जवळ घ्यावी.

आणि दारू. अंग तापल्यासारखं वाटतं, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात. पण त्याच वाटेनं आतली ऊब बाहेर जाते. शिवाय गारठतोय हे प्यायलेल्याला कळत नाही.

शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की धोका सुरू होतो. माणूस खूप कापतो, जीभ जड होते, शर्टाची बटणं लागत नाहीत, चालताना अडखळतो. पुढं कापणं थांबतं, तेव्हा बरं वाटायला लागलं असं समजू नये. ती उलट वाईट खूण आहे. ओले कपडे काढून कोरडे घालावेत, खाली-वर जाड पांघरूण द्यावं, शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा पाजावा. हातपाय जोरानं चोळू नयेत, शेकोटीजवळ एकदम नेऊ नये. कोमट बाटल्या फडक्यात गुंडाळून काखेत ठेवाव्यात आणि दवाखाना गाठावा.

शेकोटीबद्दल एक सांगायचं राहिलं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे. अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवणं किंवा जळता सोडून जाणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. जानेवारीत गवत वाळलेलं असतं, ठिणगी पुरते. कुठं मुक्काम चालतो, कुठं नाही, हे निघण्याआधी वनरक्षकाला विचारून घ्यावं. गावात शेकोटी केली तरी झोपण्याआधी पाणी ओतून, राख हातानं चाचपून बघावी.

सकाळी तंबूच्या आतल्या बाजूला पाणी दिसतं. तंबू गळका आहे म्हणून लोक भांडतात, पण ते बहुतेक वेळा आपल्याच श्वासाची वाफ असते. आतला आणि वरचा असे दोन पदर असलेला तंबू घ्यावा, वरच्या खिडक्या रात्री उघड्या ठेवाव्यात. ओला तंबू तसाच गुंडाळला तर बुरशी येते, त्यामुळे ऊन आल्यावर उलटा करून वाळवावा. स्लीपिंग बॅग वर्षभर छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नये. आतला कापूस दबतो आणि पुढच्या हिवाळ्यात तीच बॅग गार लागते. मोठ्या पोत्यात सैल भरून माळ्यावर ठेवावी, उंदरांपासून जपून.