इराण्याकडची दुपार

मुंबईच्या इतिहासाविषयी बोलताना गिरण्या, गोदी, रेल्वे आणि चळवळी यांचे विषय हटकून निघतात. दुपारी एक वाजता लागणाऱ्या भुकेविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक या शहराचा तो रोजचा मोठा प्रश्न. राहायचे गिरगाव-दादरला, पुढे पुढे डोंबिवली-विरारला, आणि कामाला जायचे फोर्टात. मधल्या सुटीत घरी जाऊन जेवून येणे शक्यच नाही. मग जेवायचे कुठे, आणि कोणाच्या हातचे?

या दोन प्रश्नांपैकी दुसरा अधिक अवघड होता. महादू हावजी बच्चे यांनी 1890च्या सुमारास सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था याच अडचणीतून निघाली. डबा म्हणजे घरचे स्वयंपाकघर, सोवळ्याओवळ्यासकट, कचेरीत पोचते करणे. ज्याचे बिऱ्हाड गावी, त्याच्यासाठी खानावळ. पण खानावळही बहुधा आपल्या मुलखाची, आपल्या माणसांची. या दोहोंत न बसणारा माणूस कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जाई.

हे इराणी कोण? पारशी समाज गुजरातच्या किनाऱ्यावर कित्येक शतके आधी आला. इराणी लोक त्यामानाने अलीकडचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या प्रारंभी आलेले. बरेचसे यझ्द आणि केरमान भागातले झरतुष्ट्री, काही मुसलमानही. झरतुष्ट्र्यांना इराणात 1882पर्यंत जिझिया भरावा लागे. मुंबईच्या पारशांनी धाडलेल्या माणेकजी लिमजी हातरियांनी अनेक वर्षे खटपट केली तेव्हा तो कर उठला. त्यात 1870-71चा भीषण दुष्काळ. अशी गांजलेली माणसे इथे आली आणि चहा विकू लागली.

कोपऱ्यावरच्या जागा हिंदू दुकानदार अशुभ मानीत, म्हणून त्या इराण्यांना स्वस्तात मिळाल्या, असे नेहमी सांगितले जाते. असेलही. मला त्याहून साधे कारण पटते. कोपऱ्याच्या जागेला दोन रस्त्यांवर दारे काढता येतात. उजेड, वारा आणि गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी आत येते.

धोबीतलावचे कयानी 1904चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया 1923चे, फोर्टातले कॅफे मिलिटरी 1933चे. अशी शेकडो हॉटेले शहरभर होती. संगमरवरी टेबले, वळवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतींवर आरसे, गल्ल्यावर मालक. चहा आणि ब्रून मस्का ही त्यांची ख्याती. पण दुपारी तिथे खिमा-पाव, आम्लेट-पाव, कुठे पुलाव असे पोटभरीचे मिळे. थाळी नव्हती, आग्रह नव्हता. भिंतीवर काय काय करू नये याची यादी मात्र असे. बस्तानीमधल्या अशा पाटीवरून निस्सिम इझिकेल यांनी एक इंग्रजी कविता केली. ते बस्तानी 2004 साली बंद पडले.

मी सत्तरच्या दशकात फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होतो. कॉटबेसिसवर राहत असल्यामुळे मला डबा येत नसे. दीड वाजता टेबलावर वर्तमानपत्र पसरून डबे उघडले जात आणि भाज्यांची देवाणघेवाण सुरू होई. त्या घोळक्यातून कोणी कोणाला हाकलून दिले नाही. काहींना फक्त बोलावले जात नसे. मराठवाड्यातून आलेला, घरातला पहिलाच नोकरदार असा एक सहकारी मला त्यामुळेच इराण्याकडे भेटला. आम्ही वर्षभर एकाच टेबलावर जेवलो. तो खिमा आणि दोन पाव घेई, वर चहा. चहा संपला की कप टेबलाच्या अगदी मधोमध ठेवी.

एकदा मी सहज विचारले तेव्हा म्हणाला, "माझ्या बापाचा कप गावातल्या हॉटेलाच्या बाहेर खुंटीला असायचा. चहा वरून ओतायचे. पिऊन झाला की त्यानंच तो धुवायचा अन् परत अडकवायचा. इथं माझा कप दुसरा कुणी धुतो."

त्याच टेबलावर कधीकधी घरी अंड्याचे नावही न काढणारे एक गृहस्थ येत. डब्यातल्या दोन पोळ्या कागदात गुंडाळून आणत आणि आम्लेट मागवत. बाहेरची वस्तू आणू नये असा तिथला नियम होता. गल्ल्यावरच्या इराणीशेटला ते रोज दिसे. त्याने एकदाही हटकले नाही.

हे सारे ऐकून इराण्याच्या हॉटेलाला समतेचे मंदिर ठरवण्याचा मोह होतो. अलीकडे तसे बरेच लिहिलेही जाते. मला ते थोडे जास्त वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली परदेशातून येऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन उतरावे लागले होते. जात कळल्यावर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. तेव्हा अग्यारीत जाणारा माणूस जात मानीत नसे असे समजण्यात अर्थ नाही. इराणी विचारत नसे, कारण रस्त्यावरून येईल त्याला दोन-चार आण्यांत चहा देणाऱ्याला विचारत बसणे परवडणारे नव्हते. माझ्या सहकाऱ्याला एवढे पुरेसे होते.

बायकांचे काय? माझी आत्या साठच्या दशकात टायपिस्ट होती. एकटी बाई दर्शनी टेबलावर बसली की माना वळत. त्यांच्यासाठी पडदा लावलेली किंवा माळ्यावरची 'फॅमिली रूम' असे. आत्या आणि तिच्या मैत्रिणी पगाराच्या दिवशी तिघी-चौघी मिळून तिथे जात, एरवी डबाच. पडद्याआड गरम व्हायचे, पण बशीतून सावकाश चहा पिता यायचा, असे ती सांगे.

पुढे उडप्यांची हॉटेले वाढली, जागांचे भाव चढले, इराण्यांची मुले शिकून वेगळ्या वाटांनी गेली. गिरणगावात 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला आणि पाळी सुटल्यावर येणारे गिऱ्हाईकच आटले. त्याच साली ब्रिटानियात बचन कोहिनूर यांनी इराणातून शिकून आणलेला बेरी पुलाव सुरू झाला. त्यांचे पती बोमन कोहिनूर नव्वदी उलटल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन, काय घेणार म्हणून विचारीत. ते 2019 मध्ये, 97व्या वर्षी गेले. तोवर तिथे जेवायला येणाऱ्यांत शेजारच्या कचेऱ्यांतल्या कारकुनांबरोबर परदेशी पाहुणेही दिसू लागले होते.

काळ्या घोड्याजवळचे वेसाइड इन हे काही इराण्याचे हॉटेल नव्हे. पण दर गुरुवारी दुपारी अरुण कोलटकर तिथे मित्रांसमवेत बसत, आणि समोरच्या चौकात दिसलेली माणसे त्यांच्या 2004 साली निघालेल्या 'काला घोडा पोएम्स'मध्ये आली. वेसाइड इन बंद पडले तेव्हा हे गुरुवारचे मंडळ उठून जवळच्याच कॅफे मिलिटरीत जाऊन बसू लागले.